मोठ्या माणसांचा शेजार



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आम्हाला जो विषय सुचविला तो होता 'प्रसिद्ध नट आणि पुढारी यांच्या सहवासातले बालपण'. पत्र वाचून आम्ही थोडे बिचकलो. सहवास हा मोठा शब्द आहे. तो एका पंक्तीला बसणाऱ्यांचा असतो. आमच्या वाट्याला आला तो शेजार. शेजाऱ्याला बोलावणे लागत नाही. त्याच्या घरचे भांडण आपल्या भिंतीतून ऐकू येते, आणि आपल्या दारावरून त्याला रोज जावे लागते. तेव्हा आज आम्ही बोलणार आहोत ते या शेजाराविषयी. कोणत्या नटीने कोणते पातळ नेसले होते, कोणता पुढारी खाजगीत काय म्हणाला, असे काही ऐकायला जे आले असतील, त्यांनी आताच बाहेर जाऊन चहा घेऊन यावा. आमचा राग नाही.

आणखी एक खुलासा. आम्ही 'आम्ही' म्हणतो ते मोठेपणा म्हणून नव्हे. युनियनमध्ये तीस वर्षे घालविल्यावर 'मी' म्हणायची सवय मोडते. शिवाय ही हकीकत एकट्याची नाही. परळ-लालबागच्या चाळींतून १९७० च्या आसपास जन्मलेली जी पोरे आज पन्नाशीत आहेत, त्या सगळ्यांची ही आहे.

गिरणगाव ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी आधी थोडा भूगोल. परळ, लालबाग, काळाचौकी, शिवडी, नायगाव, डिलाईल रोड, वरळी हा सारा टापू. त्यात साठच्या आसपास कापडगिरण्या आणि अडीच लाखांच्या घरात कामगार. भोंगा वाजला की पाळी सुटे आणि रस्ता माणसांनी भरून जाई. पण याच टापूत, चालत जाण्याच्या अंतरावर, दुसरेही कारखाने होते. परळला वाडियांचा मूव्हीटोन होता. त्याच जागेत १९४२ मध्ये व्ही. शांताराम यांनी राजकमल कलामंदिर उभे केले. दादरला चंदुलाल शहांचा रणजित स्टुडिओ १९२९ पासूनचा. परळलाच दामोदर हॉल, कामगार मैदान आणि लाल बावट्याची दळवी बिल्डिंग. गिरणी, स्टुडिओ, नाट्यगृह आणि सभेचे मैदान अशी चारही दुकाने एकाच बाजारपेठेत.

हे असे का झाले? योगायोग मुळीच नव्हे. सिनेमाला मोठ्या पत्र्याच्या शेडी लागत, वीज लागे, आणि सुतार, रंगारी, शिंपी, वीजकामाची माणसे लागत. ती या वस्तीत हाकेसरशी मिळत. नाटकवाल्याला प्रेक्षक हवा असे. तो पगाराच्या दिवशी इथे हमखास सापडे. पुढाऱ्याला माणसे हवी असत. एकाच वेळी एवढी माणसे मुंबईत दुसरीकडे कुठे मिळणार? म्हणजे मोठी माणसे आमच्याजवळ आली ती आमच्या प्रेमाने आली नाहीत, कामासाठी आली. हे पहिल्यापासून ध्यानात ठेवले की पुढचा घोटाळा टळतो.

आमच्या वडिलांच्या पिढीने पाहिलेला शेजार आमच्यापेक्षा मोठा होता. परळच्या बी. आय. टी. चाळीत दोन लहान खोल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर वीस वर्षांहून अधिक काळ राहिले. कोलंबियाची पदवी घेतलेला हा पंडित कामगारांच्या चाळीत राहत होता, आणि छत्रपती शाहू महाराज त्यांना भेटायला त्या चाळीत गेले होते. १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली, तिची कचेरी जवळच दामोदर हॉलमध्ये होती.

या शेजाराचा उपयोग काय झाला, ते १९२८ च्या संपात दिसते. तो संप सहा महिने चालला. गिरणी कामगार युनियन त्यातूनच उभी राहिली. डांगे, जोगळेकर, निंबकर ही नावे त्यातूनच मोठी झाली. परंतु गिरणीत साचेखात्यात, म्हणजे जिथे पगार जास्त तिथे, अस्पृश्य कामगाराला घेत नसत. कारण काय, तर धोट्यात सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे आणि उष्ट्याचा विटाळ होई. कामगारांची एकजूट म्हणून गर्जना करणारे सवर्ण साचेवालेच या गोष्टीला आडवे होते. बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना विचारले की, तुमच्या मागण्यांच्या यादीत ही मागणी का नाही? पुढारी नाखुशीने का होईना, ती घालायला तयार झाले. पुढे दहा वर्षांनी, ७ नोव्हेंबर १९३८ रोजी, औद्योगिक कलहाच्या बिलाविरुद्ध जो एक दिवसाचा संप झाला, त्यात बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट हे खांद्याला खांदा लावून उभे होते. वाद मिटला होता असे नाही. पण ज्याला आपण जाब विचारला आहे, त्याच्याबरोबर उभे राहता येते. ज्याची आरती ओवाळली, त्याच्या फक्त मागे उभे राहता येते. फरक एवढाच, पण तो मोठा आहे.

कलावंतांचीही तीच रीत. १९४४ मध्ये अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढले. अण्णा भाऊंना शाळा जवळजवळ नव्हतीच. गिरणीत काम, माटुंग्याच्या लेबर कॅम्पात वस्ती, आणि तिथूनच लेखणी हाती आली. पृथ्वीराज कपूर नाटक संपल्यावर झोळी घेऊन दाराशी उभे राहत आणि प्रेक्षक जे टाकतील ते गरजवंतांच्या निधीसाठी घेत. राजवाड्यातला सम्राट अर्ध्या तासापूर्वी रंगमंचावर गर्जत होता, आणि आता तोच मान खाली घालून झोळी पसरतो आहे, हे ज्यांनी पाहिले त्या आमच्या वाडवडिलांना नटाचा हेवा वाटला नाही. त्याच्या कामाची किंमत कळली.

आता आम्ही स्वतः पाहिलेले सांगतो. आमच्या लहानपणी सिनेमा उपनगराकडे सरकू लागला होता. गोरेगावची चित्रनगरी १९७७ मध्ये झाली. तरी परळ-दादरच्या फाटकांशी शाळेतून येता-जाता आम्ही उभे राहत असू. फाटकापाशी उभे राहणारे पोर पहिल्या दिवशी नट बघते. महिनाभर उभे राहिले की त्याला नटापेक्षा इतर माणसे अधिक दिसू लागतात. सकाळी सातला पेटी घेऊन येणारा सुतार, दिवसभर कढत दिव्यांशेजारी उंच फळीवर बसून राहणारा लाईटवाला, चाळीतल्या चार बायका मिळून शंभर माणसांचे डबे भरतात त्या बायका, आणि गर्दीच्या दृश्यासाठी माणसे पुरवून त्यांच्या मजुरीतला वाटा खाणारा दलाल. गिरणीत जॉबर हप्ता खाई, इथे दलाल खाई. आमच्या बापाला गिरणीच्या फाटकावर बदलीचे काम मिळेल की नाही याची जी धाकधूक असे, तीच या फाटकावर उभ्या असलेल्या बायकांच्या तोंडावर असे. हे साम्य आम्हाला पुस्तकाने शिकविले नाही.

नटसुद्धा याच मातीतले निघत. शांतारामबापू स्वतः पोरवयात हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये राबले होते. 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटात बैलाशी झुंज घेताना त्यांच्या डोळ्याला जबर दुखापत झाली. दादा कोंडके नायगावच्या गिरणी कामगाराच्या घरचे. 'अपना बाजार'मध्ये नोकरी आणि सेवा दलाच्या बँडपथकात वाजविणे, इथून ते 'सोंगाड्या'पर्यंत पोचले. लालबागच्या भारतमाता चित्रगृहात पोरे त्यांच्या विनोदाला हसत ती परक्याच्या विनोदाला हसावे तशी नव्हे. गल्लीतला कुणी वात्रट पडद्यावर चढला आहे अशी हसत.

आणि भगवानदादा! गिरणी कामगाराचा हा मुलगा. १९५१ चा 'अलबेला' त्यांनी काढला, दिग्दर्शित केला आणि त्यात नायकही तेच. जुहूला बंगला आणि आठवड्याच्या वारांप्रमाणे सात मोटारी अशी त्यांची ख्याती होती. पुढे पडते दिवस आले, सारे विकले गेले, आणि दादा दादरच्या चाळीत राहायला आले. २००२ मध्ये तिथेच वारले. गणपतीची मिरवणूक त्यांच्या चाळीपाशी थांबत असे आणि पोरे त्यांच्या ढबीने नाचत असत. सिनेमाच्या जगाने ज्याला विसरले त्याला चाळीने विसरले नाही, असे यावर लोक म्हणतात आणि डोळे पुसतात. आम्हीही त्या मिरवणुकीत नाचलो आहोत. परंतु कामगार चळवळीतल्या माणसाच्या मनात दुसराच प्रश्न येतो. ज्या माणसाने एवढ्यांना रोजगार दिला, एवढी वर्षे घाम गाळला, त्याला म्हातारपणी पेन्शन नव्हती, फंड नव्हता. पडद्यावरचा राजाही शेवटी रोजंदारीवरचाच. मग ज्याचे नाव पडद्यावर येतच नाही, त्याचे काय होत असेल?

त्याचे काय होते, ते आमच्याच चाळीत घडले म्हणून सांगतो. साल १९८३. गिरण्यांचा संप सुरू होऊन वर्ष उलटून गेले होते. साचेखात्यातला एक माणूस, आम्ही पोरे त्याला अप्पा म्हणत असू, घरी बसून उपाशी मरण्यापेक्षा म्हणून एका स्टुडिओत दिवे चढविण्याच्या कामाला लागला. कोणता स्टुडिओ, कोणता चित्रपट, हे सांगण्याचे आज कारण नाही. रात्रीची पाळी, त्यातून पाऊस. अप्पा फळीवरून खाली आला आणि मांडीचे हाड मोडले. निर्मात्याचा माणूस म्हणाला, "हा आमच्याकडे कामाला होता याला पुरावा काय?" पुरावा नव्हता. हजेरीपट नव्हता, चिठ्ठी नव्हती, मजुरी दलालाच्या हातून रोख. सिनेकामगारांना लेखी करार मिळावा म्हणून संसदेने १९८१ मध्येच कायदा केला होता; कल्याणनिधीचा कायदाही त्याच वर्षीचा. पण दिल्लीत मंजूर झालेला कायदा स्टुडिओच्या फाटकातून आत शिरायला वेळ लागतो.

त्या चित्रपटाचा नायक तेव्हा चांगलाच नावारूपाला आलेला होता. पण उमेदवारीच्या दिवसांत तो आमच्या गल्लीतल्या खानावळीत जेवायला असे, आणि महिनामहिना उधारी ठेवी. खानावळवाल्या मावशी अप्पाच्या बायकोला आणि आणखी तीसेक बायकांना घेऊन फाटकावर जाऊन उभ्या राहिल्या. घोषणा नाहीत, काही नाही. नायकाची मोटार आली. दरवान बायकांना हटवू लागला. मावशींनी काचेवर टिचकी मारली आणि म्हणाल्या, "बाळा, तुझी उधारी आम्ही कधी चिठ्ठी दाखव म्हणून मागितली होती का रे?"

मोटार थांबली. पुढे आत काय बोलणे झाले ते आम्हाला कळले नाही. पण दोन दिवसांत इस्पितळाचे बिल भरले गेले आणि अप्पाच्या घरी सहा महिन्यांची मजुरी पोचली. चाळीत पेढे वाटले गेले. नायकाचा फोटो अप्पाच्या खोलीत देवांच्या तसबिरींशेजारी लागला.

ही गोष्ट इथेच संपविली तर आपण सगळे समाधानाने घरी जाऊ. पण ती इथे संपली नाही. त्यानंतर तीनच वर्षांनी दुसऱ्या एका ठिकाणी असाच एक गर्दीतला पोरगा जायबंदी झाला. तो आमच्या वस्तीतलाच. मात्र यावेळी चित्रीकरण शहराबाहेर होते, नायक कुठल्या खानावळीत जेवला होता ते कुणाला ठाऊक नव्हते, आणि त्याच्या मोटारीच्या काचेवर टिचकी मारण्याइतके जवळ कुणी जाऊ शकले नाही. त्या पोराला काही मिळाले नाही. दोघांच्या दुखण्यात फरक नव्हता. फरक होता ओळखीत. शेजारावर मिळालेला न्याय शेजार असेतोवरच टिकतो. आम्ही जे युनियनच्या कामाला लागलो ते मावशींमुळे लागलो, हे खरे. पण ज्याला मावशी नाही त्याच्यासाठी लागलो, हे अधिक खरे.

पुढाऱ्यांच्या बाबतीतही हाच धडा मिळाला. १९४६ च्या कायद्याप्रमाणे एका धंद्यात मान्यता मिळालेली युनियन एकच, आणि मालकाशी बोलणी करण्याचा हक्क तिलाच. कामगार तिच्यावर नाराज होते, पण तिला बदलण्याची वाट बिकट होती. तेव्हा ऑक्टोबर १९८१ मध्ये कामगार उठले आणि घाटकोपरला डॉ. दत्ता सामंत यांच्या घरावर जाऊन थडकले. डॉक्टर तिथे दवाखाना चालवीत. दगडखाणीतले मजूर त्यांच्याकडे औषधाला येत आणि त्यातूनच ते युनियनच्या कामात आले होते. आमचे पुढारीपण घ्या, असे कामगारांनी त्यांना घरी जाऊन सांगितले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. पुढाऱ्याचे घर माहीत असणे, आणि त्या घराचे दार ठोठावता येणे, ही केवढी शक्ती आहे ते तेव्हा दिसले.

आणि तिची मर्यादाही दिसली. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, लाखाच्या वर माणसे कामाला मुकली. कुणी गावी गेले, कुणी भाजीची गाडी लावली. आमच्यातल्या बहुतेकांची शाळा तेव्हाच सुटली. पुढे जे काही वाचले ते दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात बसून. १९८४ मध्ये त्याच वस्तीने डॉक्टरांना लोकसभेवर निवडून दिले. १६ जानेवारी १९९७ ला त्यांचा खून झाला, तेव्हा ज्यांची नोकरी त्या संपात गेली होती अशी माणसेही ढसढसा रडली. बाहेरच्यांना हे कोडे वाटते. आम्हाला वाटत नाही. तो माणूस आमच्यात होता, हे त्या रडण्याचे कारण. पण पुढारी आपल्यात आहे, एवढ्यावर लढा जिंकता येत नाही. सरकार कोण, मालकाचा माल कुठे विणला जातो आहे, कायद्याचे कलम काय म्हणते, याचा हिशेब प्रेमाने भागत नाही.

शेजाराचे गोडवे गाताना आणखी एक गोष्ट लपविता कामा नये. ५ जून १९७० रोजी लालबागमध्येच कृष्णा देसाई या निवडून आलेल्या कम्युनिस्ट आमदाराचा खून झाला. एकाच चाळीतली, एकाच गिरणीतली पोरे दोन झेंड्यांखाली गेली होती. जवळीक माणसाला चांगलेच करते असे नाही. ज्याला आपण डोक्यावर घेतो त्याच्यासाठी आपण दुसऱ्याचे डोके फोडायलाही निघतो. म्हणून आम्ही म्हणतो की मोठ्या माणसाचा शेजार पचवायला थोडी अक्कल लागते.

आज तो शेजार राहिलेला नाही. गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे करून एक मोकळ्या मैदानाला, एक घरबांधणीला आणि एक मालकाला, असा नियम १९९१ मध्ये झाला. २००१ मध्ये त्यात बदल करून हा हिशेब केवळ मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरता ठेवला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल कायम केला. मैदानाचा आणि घरांचा वाटा त्यामुळे आटला. जिथे भोंगा वाजे तिथे पन्नासपन्नास मजल्यांचे मनोरे उभे आहेत. त्यांत नट राहत असतील, पुढारीही राहत असतील. अंतराने पाहिले तर ते पूर्वीपेक्षाही जवळ आहेत. आमच्या चाळीच्या गॅलरीतून त्यांचे दिवे दिसतात. पण त्यांची मोटार जमिनीखालून निघते आणि त्यांच्या दारावर आमचे नाव वहीत लिहून घेतात. घरासाठी अर्ज केलेल्या दीड लाखाहून अधिक गिरणी कामगारांपैकी आणि त्यांच्या वारसांपैकी बहुतेकांना अनेक वर्षे नुसती सोडतीची वाट पाहावी लागली.

यावर गळा काढायला आम्ही इथे आलो नाही. गेलेला शेजार परत येत नाही, आणि आला तरी त्यात दलाल होता, विटाळ होता, सुराही होता. पण त्यात जी एक गोष्ट मोलाची होती ती सांभाळली पाहिजे: मोठ्या माणसाच्या काचेवर टिचकी मारण्याचा हक्क. तो पूर्वी गल्लीने दिला होता. आता तो कागदाने द्यावा लागेल. हजेरीपट, नेमणुकीचे पत्र, युनियनची सर्वसाधारण सभा, तिचा छापील जमाखर्च, निवडून दिलेल्या माणसाला विचारलेला लेखी प्रश्न आणि त्याची घेतलेली पोच. या गोष्टी रुक्ष आहेत. त्यांच्यावर कुणी चित्रपट काढणार नाही. पण ज्याला मावशी नाही त्याची मावशी तीच.

तेव्हा आपल्या गावी उद्या कुणी प्रसिद्ध नट आला, पुढारी आला, तर जरूर जा. त्याला पाहा, टाळ्या वाजवा. कलेला आणि कर्तृत्वाला दाद देणे हा चांगल्या माणसाचा धर्म आहे. फक्त मंडप कुणी घातला, दिवे कुणी चढविले, आणि त्यांची मजुरी चुकती झाली का, एवढे येताना विचारून या. आमच्यावर त्या शेजाराने केलेला संस्कार एवढाच आहे.